जुन्या इंग्रजी कोशांतली ‘गन’: तोफ, बंदूक की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या पत्रांचे मराठी भाषांतर चालू आहे. गन, मस्केट, फायरलॉक, मॅच, आर्म्स हे शब्द पानोपानी येतात आणि आजचा कोश उघडला की बहुतेकांपुढे ‘बंदूक’ एवढेच सापडते. मग जॉन्सन, वेब्स्टर यांचे जुने कोश पाहावेत का? पाहिले तर त्यांच्यावर कितपत विसंबावे? आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदुकीच्या खटल्यात याच कोशांचा आधार घेतला, तो कितपत ग्राह्य धरायचा?

पाहावेतच. कंपनीचे कागद वाचण्यात आणि मराठीत आणण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हे कोश हाताशी नसते तर निम्मी वाक्ये मी चुकीची लावली असती. मात्र जुनी व्याख्या ही त्या काळच्या एका माणसाची साक्ष असते. साक्षीदार कोण, तो कधी बोलतो आहे, वस्तू त्याने पाहिली होती की आधीच्या कोशातून वाक्य उतरवून घेतले, हे विचारल्याशिवाय साक्ष नोंदवायची नसते. दुसरे असे की, कोशकार एका हत्याराला दुसऱ्यापासून कशावरून वेगळे काढतो ते बघावे: आकारावरून, पेटवण्याच्या रीतीवरून, की ते बाळगणाऱ्या माणसावरून. भाषांतराला उपयोगी पडतो तो हा भेद.

‘गन’पासूनच सुरुवात करू. सॅम्युएल जॉन्सनचा कोश १७५५ साली दोन जाडजूड खंडांत निघाला. त्यात गनची व्याख्या अशी: अग्निशस्त्रांचे सर्वसाधारण नाव, ज्यातून आगीच्या जोराने गोळी सुटते ते साधन. म्हणजे किल्ल्याच्या बुरुजावरची तोफ आणि शिपायाच्या खांद्यावरची बंदूक, दोन्ही गनच. नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या अमेरिकन कोशात व्याख्या जास्त नेमकी आहे: लाकडी दस्त्यात बसवलेली लोखंडाची किंवा दुसऱ्या धातूची नळी, जिच्यातून दारूच्या स्फोटाने गोळ्या सुटतात, मोठ्या जातीला कॅनन म्हणतात, लहान जातीत मस्केट, कार्बाइन, शिकारीची बंदूक वगैरे येतात. आणि शेवटी तो एक वाक्य जोडतो, ते प्रत्येक भाषांतरकाराने लक्षात ठेवावे: अग्निशस्त्रांची एक जात, पिस्तूल, हिला गन कधीच म्हणत नाहीत.

आज अमेरिकेत कोणी गन म्हणाले की आधी पिस्तूलच डोळ्यांपुढे येते. दोनशे वर्षांत शब्द इतका सरकला. त्यामुळे १८३० च्या आधीच्या कागदात गन शब्द आला तर पिस्तुलाचा विचार शेवटी करावा, आणि कागद आरमाराचा किंवा किल्ल्याचा असेल तर पहिला विचार तोफेचा करावा. ‘चाळीस गनांचे जहाज’ म्हणजे चाळीस तोफांचे जहाज. ‘गनर’ म्हणजे गोलंदाज. ‘गनशॉट’ हा तर हमखास फसवणारा शब्द आहे. आज तो बंदुकीच्या गोळीच्या जखमेसाठी वापरतात. वेब्स्टरकडे विशेषण म्हणून तो अर्थ आहेच, पण नाम म्हणून त्याने दिलेला अर्थ आहे तोफेच्या सरळ माऱ्याचे अंतर. आंग्रे आणि इंग्रज यांच्या समुद्रावरच्या चकमकींचे वर्णन करणारा कप्तान शत्रूची गलबते ‘गनशॉटमध्ये आली’ असे लिहितो, तेव्हा ती तोफेच्या टप्प्यात आली आहेत. तिथे ‘बंदुकीच्या टप्प्यात’ असे लिहिले तर लढाईचा नकाशाच बदलतो: बंदुकीचा टप्पा म्हणजे माणसे ओळखू यावीत एवढे जवळ, आणि तोफेचा त्याच्या कितीतरी पलीकडे.

या शब्दाच्या व्युत्पत्तीवर जॉन्सनने केलेली टीप मला फार आवडते. तो लिहितो की या शब्दाची समाधानकारक व्युत्पत्ती सापडत नाही; एडवर्ड लाय या विद्वानाच्या मते आइसलँडच्या भाषेत गन म्हणजे लढाई, पण गन वापरात आली तेव्हा आपला आइसलँडशी व्यवहारच नव्हता. युक्तिवाद वाजवी होता. पण पुढच्या शतकांत अभ्यासकांना विंडसरच्या किल्ल्यातली १३३०-३१ ची युद्धसामग्रीची यादी मिळाली. तिच्यात शिंगाच्या एका मोठ्या बॅलिस्टाची, म्हणजे प्रचंड धनुष्यासारख्या यंत्राची नोंद आहे आणि तिचे नाव आहे ‘डोमिना गुनिल्डा’, अर्थात गुनिल्डा बाईसाहेब. गुनहिल्ड हे जुने नॉर्स, म्हणजे आइसलँड-नॉर्वेकडच्या जुन्या भाषेतले, स्त्रीनाव. त्याचे दोन्ही अवयव लढाईच्या अर्थाचे आहेत. या नावाचे लाडके, आखूड रूप म्हणजे गन, असे आज बहुतेक कोशकार मानतात. मुलूखमैदान, कलालबांगडी ही तोफांची नावे लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. म्हणजे लायने दाखवलेले मूळ बरोबर होते. फक्त ते व्यापाराच्या वाटेने आले नव्हते. इंग्लंडात पूर्वीच रुजलेल्या नॉर्स नावातून ते आले होते.

त्यातही महत्त्वाचे हे, की दारूने उडणाऱ्या हत्याराचे नाव दारू न लागणाऱ्या हत्यारावरून आले. ‘बंदूक’ या आपल्या शब्दाचे तेच झाले आहे. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात बंदूक शब्दाची नोंद मुद्दाम वाचावी. अरबी ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनटसारखे कवचाचे फळ. ते व्हेनिसहून येई म्हणून अरबांनी त्याला व्हेनिसचेच नाव दिले, असे काहींचे म्हणणे ते नोंदवतात. पुढे त्या फळाएवढ्या गोळ्या फेकणाऱ्या धनुष्यालाही बुंदुक म्हणू लागले, आणि दारूचे हत्यार आल्यावर नाव त्याच्याकडे गेले. ‘आर्टिलरी’ची वाट अशीच आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात योनाथान आपली ‘आर्टिलरी’ पोराच्या हाती देतो, ती धनुष्यबाणाची. १५३७ साली आठव्या हेन्रीने लंडनच्या ज्या मंडळाला सनद दिली आणि जे पुढे ऑनरेबल आर्टिलरी कंपनी म्हणून ओळखले गेले, त्याच्या सनदेत लांब धनुष्य, आडधनुष्य आणि हातबंदूक अशी तिन्ही नावे शेजारी शेजारी आहेत. जॉन्सनही आर्टिलरीचा पहिला अर्थ ‘युद्धाची हत्यारे’ असा देतो आणि दुसरा ‘तोफा’ असा. म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकाच्या कागदात आर्टिलरी दिसली की लगेच तोफखाना उभा करू नये. आधी आजूबाजूची वाक्ये वाचावीत.

‘मस्केट’पाशी जॉन्सन एक वाक्य सहज टाकून जातो: बऱ्याच अग्निशस्त्रांना प्राण्यांची नावे आहेत. मस्केट हा छोट्या ससाण्याचा नर. इटालियन मूळ शब्द माशी या अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे. फाल्कन आणि सेकर या तोफा शिकारी पक्ष्यांच्या नावाच्या, कल्व्हरिन सापाच्या. आपल्याकडचा जंबूरा फारसीतल्या गांधीलमाशीवरून आला. उंटावरची शुतरनाळ आणि हत्तीवरची गजनाळ यांची नावे मात्र वाहणाऱ्या जनावरावरून पडली. भाषांतरात हे सगळे उतरवायचे नसते, पण शस्त्रांच्या यादीत ‘तीन सेकर, दोन फाल्कन’ दिसले तर तिथे पक्षी नाहीत एवढे कळायला हवे.

आता मस्केट आणि फायरलॉक. कंपनीच्या कागदांत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जॉन्सन मस्केटला ‘शिपायाची हातबंदूक’ म्हणून मोकळा होतो. त्यातून काही कळत नाही. फायरलॉकची व्याख्या कामाची आहे: शिपायाची बंदूक, पोलादावर गारगोटी आपटून उडवली जाणारी. वेब्स्टर मस्केटबद्दल जे सांगतो ते सोन्यासारखे आहे. त्याच्या मते मस्केट म्हणजे पेटत्या तोड्याने उडवायचे युद्धाचे हत्यार, इंग्लंडच्या यादवी युद्धापर्यंत ही रीत होती, खरे मस्केट आता वापरात नाही, पण बोलण्यात ते नाव कमानीच्या चापाने उडणाऱ्या बंदुकांना अजून लावतात. एका नोंदीत त्याने शब्दाची दोन वये सांगितली.

फरक प्रत्यक्षात काय पडतो ते पाहा. तोड्याच्या बंदुकीत शिपायाजवळ सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी, म्हणजे तोडा, असते. लढाईच्या वेळी ती धुमसत ठेवावी लागते. चाप ओढला की वाकड्या दांडीत अडकवलेले दोरीचे पेटते टोक रंजकाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूच्या, वाटीत उतरते, रंजक पेटते, भोकातून आग आत जाते आणि बार उडतो. पाऊस आला की तोडा विझतो. अंधारात त्याची ठिणगी दिसते. दारूच्या पिंपाजवळ असा शिपाई उभा करणे म्हणजे संकटाला बोलावणे. फायरलॉकमध्ये धुमसत ठेवायचे काही नसते. घोड्याच्या तोंडात गारगोटी, समोर पोलादाची पट्टी. घोडा पडला की पट्टी पुढे ढकलली जाते, वाटी उघडते आणि ठिणग्या तीत पडतात. त्यामुळे दारूगोळ्याच्या राखणीला फायरलॉकवाले नेमले, असे वाक्य सतराव्या शतकाच्या पत्रात आले तर त्यामागे कारण आहे. दोन्ही शब्दांना ‘बंदूक’ लिहिले की ते कारण नाहीसे होते.

मी स्वतः असे करतो: १७०० च्या आधीच्या कागदात मस्केट आणि फायरलॉक शेजारी आले तर ‘तोड्याची बंदूक’ आणि ‘चकमकीची बंदूक’ असे स्पष्ट लिहितो. १७६० नंतरच्या कंपनीच्या कागदात दोन्ही शब्द बहुधा एकाच वस्तूला लावलेले असतात, तेव्हा दोन्हींना ‘बंदूक’ चालते. पण त्याच कागदात मॅचलॉक, म्हणजे तोड्याची बंदूक, वेगळा आला असेल तर तो बहुतेक देशी फौजेकडचा आहे, आणि तिथे तोडा लिहायलाच हवा. ‘ठासणीची बंदूक’ हा आपला चांगला शब्द इथे उपयोगी नाही, कारण या सगळ्याच तोंडाकडून भरायच्या, ठासणीच्या आहेत.

याच ओघात ‘मॅच’. आजच्या वाचकाला मॅच म्हणजे आगकाडी. घासून पेटणारी काडी १८२७ च्या सुमारास इंग्लंडात विकायला आली. जॉन्सनकडे मॅच म्हणजे लवकर पेट घेणारी वस्तू, बहुधा वितळलेल्या गंधकात बुडवलेला कागदाचा पुठ्ठा, दोरी किंवा लाकडाची ढलपी. तोफखान्याच्या मागणीपत्रात मॅचची मागणी वजनात केलेली दिसली तर ती दोरी आहे, तोडा आहे. बॅरल शब्दही असाच दुतोंडी: बंदुकीची नळी आणि दारूचे पिंप.

जॉन्सन काही ठिकाणी आश्चर्य वाटावे इतका नेमका आहे. कार्बाइनची त्याची व्याख्या घ्या: फ्यूझिल या हलक्या बंदुकीपेक्षा आखूड, हलक्या घोडदळाने डाव्या खांद्यावरून पट्ट्याला लटकवायचे, नळी अडीच फूट, आणि गोळी ‘पौंडाला चोवीस’ या मापाची. शेवटचे माप समजून घेण्यासारखे आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या चोवीस गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी होईल तेवढी ही गोळी. हिशेब केला तर व्यास साधारण १४.७ मिलिमीटर येतो. आकडा वाढला की गोळी लहान होते. आपल्याकडे परवान्याच्या कागदावर ‘बारा बोअर’ लिहितात ते याच मापाने: पौंडाला बारा, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटरची नळी. तोफांचे माप याच्या उलट. ‘नाइन पाउंडर’मध्ये नऊ पौंड हे एका गोळ्याचे वजन असते, तोफेचे नव्हे. एवढा तपशील साहित्य वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यातून निघत नाही. यंत्रे, हत्यारे, कारागिरी यांच्या व्याख्या जॉन्सनने अनेकदा आधीच्या तांत्रिक कोशांतून घेतल्या आहेत. साक्षीदार बदलतो तो इथे, हे ओळखावे.

बंदुकीच्या दारूची त्याची नोंदही अशीच: सोरा सुमारे पंधरा भाग, गंधक तीन, कोळसा दोन, पण प्रमाण काटेकोर पाळले जात नाही. शेकड्यात मांडले तर ७५, १५ आणि १०. कंपनी बिहारचा सोरा जहाजे भरभरून का नेत होती, हे त्या पंचाहत्तरात कळते.

ब्लंडरबसची व्याख्या मात्र त्याची स्वतःची वाटते आणि ती सुरेख आहे: जिच्यात पुष्कळ गोळ्या भरतात, त्यामुळे नेम अचूक धरला नाही तरी लागण्याची शक्यता असते अशी बंदूक. ‘डॅग’ या जुन्या लहान पिस्तुलाबद्दल तो लिहितो की खंजिराचे काम करते म्हणून हे नाव. लपवून नेता येते आणि अचानक घात करते. आता हा शब्द वापरात नाही. वाचताना हत्यार हातात आल्यासारखे वाटते. अशा नोंदीवर विसंबायला हरकत नाही, फक्त ‘आता वापरात नाही’ हा शेरा १७५५ चा आहे हे ध्यानात ठेवून.

कोश कुठे दगा देतात तेही सांगितले पाहिजे. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच इतिहासाशी जोडलेले आहे. जॉन्सन रॉकेटची व्याख्या करतो: सोरा, कोळसा आणि गंधक भरलेली कागदाची नळी, शोभेची दारू, जी उंच जाऊन फुटते. लंडनच्या आतषबाजीत त्याला हेच दिसत होते. तेव्हा दख्खनच्या फौजांत ‘बाण’ हे लढाईचे हत्यार होते आणि म्हैसूरच्या हैदर-टिपूंच्या बाणांच्या नळ्या लोखंडी होत्या. ते बाण इंग्रजांच्या अंगावर आले, नमुने विलायतेला गेले, विल्यम काँग्रीव्हने त्यावरून स्वतःचे रॉकेट बनवले आणि १८०७ साली कोपनहेगनवर त्यांचा मारा झाला. तरी १८२८ साली वेब्स्टर लिहितो: कागदाची नळी, काठीला बांधून पेटवली की वर जाते आणि फुटते. वीस वर्षांपूर्वी एक शहर ज्याने जाळले ते हत्यार कोशात अजून कागदीच होते, कारण व्याख्या जॉन्सनच्या वळणावरून आलेली होती. म्हणून श्रीरंगपट्टणच्या लढायांच्या इंग्रजी वृत्तांतातल्या रॉकेटसाठी कोणत्याही इंग्रजी कोशाकडे जाऊ नये. आपल्या बखरींतला ‘बाण’ हा शब्द बिनधास्त वापरावा आणि पहिल्यांदा येईल तिथे तो दारूचा बाण आहे एवढे वाचकाला सांगावे.

रायफलचेही पाहा. जॉन्सनच्या कोशात तो शब्द लुटणे या अर्थाच्या क्रियापदापुरता आहे. वेब्स्टरकडे तो आतून मळसूत्री खोबणी पाडलेल्या नळीची बंदूक म्हणून येतो. खोबणीच्या बंदुका जॉन्सनच्या कितीतरी आधीपासून होत्या. नाव कोशात यायला वेळ लागला. शब्द कोशात नाही म्हणून वस्तू नव्हती, असा निष्कर्ष कधीही काढू नये.

आता अमेरिकेच्या न्यायालयाबद्दल. २६ जून २००८ रोजी डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतला शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, लष्करी सेवेपुरता नाही. दुरुस्ती १७९१ ची, म्हणून न्यायमूर्ती स्कालिया यांनी त्या काळचे कोश उघडले. जॉन्सनच्या १७७३ च्या आवृत्तीत आर्म्स म्हणजे ‘हल्ल्याची हत्यारे किंवा बचावाचे चिलखत’. टिमथी कनिंगहॅमच्या १७७१ च्या कायदेकोशात तर माणूस बचावासाठी अंगावर घालतो, हातात घेतो किंवा रागाच्या भरात दुसऱ्यावर फेकायला-मारायला वापरतो ती कोणतीही वस्तू आर्म्समध्ये येते. एकेका शब्दापुरते हे वाचन बरोबर आहे. आर्म्स शब्द तेव्हा व्यापक होता, त्यात लष्करी असण्याची अट नव्हती.

अडचण पुढच्या पायरीवर आहे. दुरुस्तीत ‘बेअर आर्म्स’ असा जोडप्रयोग आहे आणि जोडप्रयोगाचा अर्थ सुट्या शब्दांच्या बेरजेतून निघेलच असे नाही. मराठीत ‘शस्त्र हाती धरणे’ म्हणजे लढाईला उभे राहणे. ‘शस्त्र’ आणि ‘धरणे’ वेगवेगळे पाहून ते कळणार नाही. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी ऑक्सफर्ड कोशातला ‘शिपाई म्हणून सेवा करणे, लढणे’ हा अर्थ पुढे केला. त्या काळच्या मजकुरांच्या मोठ्या संग्रहांत नंतर शोध घेणाऱ्या अभ्यासकांनाही हा प्रयोग बहुतांशी लष्करी अर्थानेच आढळला. निकाल कायद्याच्या दृष्टीने योग्य की अयोग्य हे ठरवणे माझे काम नाही. कोश वापरणारा म्हणून एवढे मात्र ठामपणे सांगतो, की अठराव्या शतकाचे कोश सुट्या शब्दांचे आहेत आणि वाक्प्रयोगांच्या बाबतीत त्यांचे मौन म्हणजे संमती नव्हे. विशेष म्हणजे हेच स्कालिया १९९३ च्या स्मिथ खटल्यात दुसऱ्या बाजूला होते. अमली पदार्थांच्या बदल्यात बंदूक देऊ करणे म्हणजे बंदूक ‘वापरणे’ का, असा तिथे प्रश्न होता. बहुमताने कोशाच्या आधारे हो म्हटले. स्कालिया यांनी विरोधी मतात लिहिले की तुम्ही काठी वापरता का, असे कोणी विचारले तर तो काठी टेकत चालता का हे विचारत असतो. दिवाणखान्यात आजोबांची चांदीच्या मुठीची काठी मांडून ठेवली आहे का, हे नाही. त्या मताशी मी पूर्ण सहमत आहे आणि भाषांतर करतानाही तेच तत्त्व वापरतो.

हाताशी काय ठेवावे, तर कागदाच्या काळाला सगळ्यात जवळचा कोश आधी. जॉन्सनचे दाखले बरेचसे सोळाव्या-सतराव्या शतकाच्या साहित्यातले आहेत, त्यामुळे त्याचा कोश छापील सालापेक्षा जुन्या भाषेलाही चालतो. जहाजांसाठी विल्यम फाल्कनरचा १७६९ चा नाविक कोश, फौजेसाठी जॉर्ज स्मिथचा १७७९ चा आणि चार्ल्स जेम्सचा १८०२ चा लष्करी कोश सामान्य कोशांपेक्षा कितीतरी भरवशाचे. आणि मराठी शब्द निवडताना मोल्सवर्थ-कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण तोडा, रंजक, बार, गोलंदाज हे शब्द रोजच्या बोलण्यात असलेल्या पिढीकडून तो तयार झाला आहे.

शेवटी, तुमच्या कागदांत तह आणि शरणागतीच्या याद्या असतील तर ‘स्टँड ऑफ आर्म्स’ हा प्रयोग भेटेलच. तो बंदुका उभ्या करायचा घोडा नाही की ढीगही नाही. वेब्स्टरने आर्म्सच्या नोंदीतच खुलासा केला आहे: बंदूक, संगीन, काडतुसांची पेटी, पट्टा आणि तलवार मिळून एक स्टँड, साध्या शिपायाला तलवार लागत नाही. तेव्हा ‘पाचशे स्टँड’ म्हणजे पाचशे शिपायांची पुरती हत्यारे, संगिनी आणि पेट्यांसकट, आणि मराठीत तसेच लिहावे.